रिकामं रान

बालाघाट द्रुतमार्गावरच्या एकाही गाडीला आता सुकाणू उरलं नव्हतं. रस्त्याकडेचे खांब सांगतील तशा गाड्या निमूट पळत, आत माणसं खुशाल डुलक्या काढत. खांब मोठे शहाणे, पण वीज म्हटली की त्यांची पाचावर धारण बसायची. लांब कुठे कोसळलेली वीजसुद्धा तारांतून आत शिरे आणि खांबांची अख्खी ओळ मुकी करून टाके. संरक्षक यंत्रं बसवून झाली, जमिनीत तांबं पुरून झालं. तरी एकदा ऐन घाटात खांब मुके झालेच, आणि त्या दिवसाचं नाव काढलं की लोक अजून कानाला हात लावतात.

मग आली 'वीजवाट'. रस्त्यापासून दूर, रानोमाळ मनोरे उभे राहिले. ढग भरून आला की त्यांपैकी एका मनोऱ्यावरून लेसरचा झोत सरळ आभाळात जाई. झोताच्या रेषेतली हवा अशी बदले, की वीज आपसूक त्याच रेषेनं उतरे. पाट काढला की पाणी पाटानं जातं, तसंच हे. मनोऱ्याजवळ माणूस असेल तर मात्र त्याची धडगत नव्हती. म्हणून मनोरा निवडायचा तो आजूबाजूला कुणी नसलेला. आणि कुणी आहे की नाही, हे यंत्र ओळखायचं मोबाईलवरून. ज्याच्या खिशात मोबाईल, त्याचा पडद्यावर एक हिरवा ठिपका. ठिपका नाही ते रान रिकामं. धो धो पावसात कॅमेऱ्याला काही दिसत नाही, मग दुसरं करणार काय? मनोऱ्यांवर भोंगेही होते, पण ढग दिसला की सगळेच एकदम कोकलत. लोकांनी त्यांच्याकडे लक्ष देणं कधीच सोडलं होतं.

भागवत लोमटे नियंत्रण कक्षात त्या पडद्यासमोर बसे. त्याच्या हिंगणवाडीच्या रानातही एक मनोरा होता, आणि रोज एक ठिपका तिथे फिरताना तो बघे. ती त्याची माय, सुंदराबाई.

त्या दुपारी परतीचा पाऊस चालून आला. सोयाबीन काढून रानात पडलेलं. गंजी झाकायला अख्खी वाडी ताडपत्र्या घेऊन धावली होती. पाहणीसाठी वीजवाटेच्या शास्त्रज्ञ डॉ. टिपणीस कक्षात आल्या होत्या.

"मॅडम, हे बघा की. ठिपके कमी व्हायला लागलेत," भागवत म्हणाला.

"घरी निघाले असतील."

"घरी गेले तर घरात दिसतील. हे तर विझतायत!"

बोलता बोलताच त्याला उमगलं. आभाळ कडाडलं की मोबाईल बंद करायचा, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. मायला तर त्यानंच बजावलं होतं, एकदा नाही, शंभरदा. 'माय, वीज चमकली की आधी ते डबडं बंद करायचं, ऐकलंस का?'

"पण मोबाईल वीज ओढत नाही हो," टिपणीसबाई म्हणाल्या. "ही निव्वळ गैरसमजूत आहे."

"मला सांगून काय उपयोग, मॅडम? वाडीला सांगायला हवं होतं ना कुणीतरी!"

बाईंचा चेहरा उतरला. माणसं स्वतःला जितकी जपतील तितकी त्यांच्या यंत्राला दिसेनाशी होतील, हे त्यांच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं.

पडद्यावर मायचा ठिपका लुकलुकला आणि गेला. ठिपक्यांनी भरलेलं रान बघता बघता ओस पडलं. यंत्रानं हिंगणवाडीचा मनोरा निवडला. भागवतनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

"झोत थांबवा, मॅडम! माझी माय आहे तिथं!"

"थांबवला तर वीज द्रुतमार्गावर येईल. घाटात आत्ता सहलीच्या बसगाड्या आहेत, भागवत. पोरं आहेत त्यांत."

"मग मी काय करू? नुसतं बघत बसू?"

बाईंनी एक कळ दाखवली. मनोऱ्यांच्या दुरुस्तीला जाणाऱ्या मजुरांसाठी ती ठेवलेली होती: 'इथे माणूस आहे'. "ही दाबलीत तर यंत्र हा मनोरा सोडेल. पण दुसरा कुठला तरी धरेल. वीज परत नाही पाठवता येत हो आभाळात."

भागवतनं पुढचं ऐकलंच नाही. त्यानं कळ दाबली. खरं सांगा, तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

हिंगणवाडीचा मनोरा पडद्यावरून वगळला गेला. यंत्रानं ओढ्यापलीकडचा मनोरा उचलला. तिथेही ठिपका नव्हता. पण ते गोदाकाकीचं रान होतं, आणि गोदाकाकीची गंजीही उघड्यावरच होती. माय तापानं फणफणायची तेव्हा भागवतला पोटाशी घेऊन निजणारी गोदाकाकी. "तिथंही माणूस आहे!" तो ओरडला. हात पुन्हा कळेकडे गेला, पण तोवर वीज उतरली होती.

पडदा पांढरा झाला आणि निवळला. द्रुतमार्गावरचा एकही खांब मुका झाला नव्हता. घाटातल्या बसगाड्या एकामागोमाग एक सुखरूप उतरत होत्या.

पाऊस सरला तसे ठिपके उगवू लागले. एक घरात, दोन बांधावर, चार ओढ्याकाठी. मायचा ठिपका दिसला तेव्हा भागवतला हुंदका आवरला नाही. लगेच फोन वाजला.

"भागवत, मी बरी हाय रे. तू सांगितलंस तसा फोन बंद करून बसले होते. लय जवळ कडाडली बघ, ओढ्यापल्याड."

"माय..."

"आन् ऐक की. गोदाचा फोन लागंना. कवापासून लावतीया. तुझ्या त्या मशिनीत समदी माणसं दिसत्यात न्हवं? जरा बघून सांग रं, कुठं हाय ती?"

भागवत पडद्याकडे बघत राहिला. ओढ्यापलीकडचं रान रिकामं होतं.