न कळवता आलेले पाहुणे

"बॅट कशाला? आपण पाणी तपासायला चाललोय," सलोनी म्हणाली.

"पाणी काका तपासतील. आम्ही खेळू," म्हणत तिच्या चुलतभावाने, अवधूतने, बॅट जीपमध्ये कोंबली. त्यांचा मित्र शहेजाद केव्हाच खिडकी अडवून बसला होता.

रविराजकाका सदाशिव पेठेतल्या एका संस्थेत कामाला होते. गावोगावच्या नळयोजना चालतात का, ते पाहून कळवायचं हे त्यांचं काम. मे महिन्याची सुट्टी, म्हणून आज मुलंही सोबत. काका मायाळू, पण चहाचे भलते शौकीन. त्यामुळे गावाला आदल्या दिवशीच फोन करून ठेवायचे.

गावात पोचताच चौकात वाट बघत उभ्या असलेल्या मुक्ताईमावशींनी तांब्या पुढे केला. "घ्या पाहुनं, आदी पानी घ्या."

काकांनी चौकातला नळ उघडला. भसाभसा पाणी आलं. काका खूश, मुलं त्याहून खूश! उन्हाने तापलेली तिघं नळाखाली घुसली. एकमेकांना भिजवलं, पाय धुतले, चिखल केला आणि पुन्हा पाय धुतले. बाया बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

तेवढ्यात सलोनीच्या ओंजळीत काहीतरी वळवळलं. मुंग्या! आणि त्यांची पांढरी अंडी. नळातूनच आली होती. रोज वाहणाऱ्या नळात मुंग्या कशाला संसार थाटतील?

ती टाकीमागे गेली. टाकीला टेकवलेली शिडी ओली होती आणि खाली घागरी पालथ्या पडल्या होत्या.

"काका, टाकी कोणीतरी हाताने भरलीय."

"तुझं वय आइस्क्रीम खायचं आहे, तपासणीचं नाही," काका म्हणाले. "नळाला पाणी आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी 'योजना चालू' म्हणून कळवून टाकतो."

"आणि बंद असली तर?"

"तर दुरुस्ती होईल. चालू योजनेची दुरुस्ती कोण करतं?"

काकांच्या एका शब्दाने गाव उन्हाळाभर तहानलेलं राहणार होतं. सलोनीने दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि बॅट गुपचूप टाकीमागे लपवली.

पुढचं गाव आटोपून दुपारी जीप पुण्याच्या रस्त्याला लागली, तोच शहेजाद म्हणाला, "काका, बॅट राहिली."

"का, पुण्यात बॅटी मिळायच्या बंद झाल्या?"

पण शहेजादने असा काही रडवेला चेहरा केला की काकांनी मुकाट्याने जीप वळवली. या वेळी फोन न करता.

चौकातला नळ उघडला, तर त्यातून थेंबही पडेना. समोरच्या टेकडीवरून बाया हंडे घेऊन उतरत होत्या. पुढे होत्या मुक्ताईमावशी. जीप पाहून त्या जागीच थबकल्या.

"पंप शिमग्यातच जळलाय," शेवटी त्या म्हणाल्या. "काल फोन आला, पाहुनं येनार. मग पल्याडच्या हिरीचं पानी आनून टाकीत वतलं. दारात आलेल्या मानसाला कोरडा नळ दावायचा व्हय?"

काकांची मान खाली गेली. "चूक माझी आहे, मावशी. तपासणीला पाहुणा म्हणून यायचं नसतं." तिथेच उभं राहून त्यांनी 'योजना बंद' असं कळवलं.

सलोनीची युक्ती फळली होती. पण सकाळी धुतलेले स्वतःचे पाय तिला बघवेनात.

"मावशी, तुमचं सगळं पाणी आम्ही सांडलं."

"लेकरं हायसा. आनू की परत," मावशी म्हणाल्या. मग खाली बघत पुटपुटल्या, "आदी कळवलं आसतं, तर च्या तरी ठिवला आसता."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सलोनीला वाटलं.

पुण्यात संस्थेच्या प्रमुख भाग्यश्रीताईंनी सर्वांसमोर तिघांची पाठ थोपटली. यापुढे फोन करून तपासणीला जायचं नाही, असंही ठरलं. काकांनी मस्तानी पाजली. अवधूतने दोन ग्लास रिचवले, सलोनीचा ग्लास मात्र तसाच राहिला.

"अगं, जिंकलो ना आपण?" अवधूतने विचारलं.

"हो. पण मावशींना आपल्यासमोर मान खाली घालावी लागली रे."

पावसाळ्याच्या तोंडाशी गावात नवा पंप बसला. तो पाहून आलेले काका थेट सलोनीकडे आले.

"मावशींनी निरोप दिलाय," ते म्हणाले. "त्या पोरीला सांगा, आता न कळवता ये."