कानाच्या पाळीइतकी मऊ

"तुमच्याकडे डोळे आहेत का?"

तिने बटणांच्या डब्यावरून मान वर केली. समोर एक उंच तरुण उभा होता. अंगात निळा डगला, खिशात पकड, बोटांना ग्रीस आणि चेहरा इतका गंभीर, की चेष्टा करतोय असं म्हणायचीही सोय नव्हती.

"आहेत की," ती म्हणाली. "चांगले दोन आहेत. दिसत नाहीत का?"

तो आधी गोंधळला आणि मग लाल झाला. कान चांगले मोठे होते, त्यामुळे लाली लपवायची कुठे हा प्रश्नच होता.

"तसे नाही हो... खोटे. बाहुलीला लावतात ना, ते. पण एकदम बारीक. माशासाठी हवेत— म्हणजे, मासा फसवायला जी मासोळी लागते, प्लास्टिकची, मऊ... तिच्यासाठी."

"थांबा थांबा. मासा बाहुलीचे डोळे बघतो?"

"बघतो. आणि फसतो."

"बिचारा!" ती म्हणाली, पण हात आपोआप खणाकडे गेला. मोहरीएवढे काळे डोळे तिने त्याच्या तळहातावर ओतले. त्यातला एक घरंगळून काउंटरखाली गेला. दोघंही शोधायला एकदमच वाकली आणि दोघांची डोकी सणसणीत आपटली. पडद्यामागे लेस गुंडाळत बसलेल्या आत्याने विचारलं, "काय फुटलं गं?"

"काही नाही, आत्या!" तिने कपाळ चोळत सांगितलं. तो हसला तेव्हा तिच्या लक्षात आलं की याला हसताही येतं, आणि बरं येतं.

दुकान आत्याचं होतं. पहिल्या मजल्यावरची एकच लांबट खोली, भिंतभर खण, खणांत बटणं, लेस, टिकल्या, चमकी, बाहुल्यांचे डोळे. सकाळ-संध्याकाळ इथे बसून ती गिऱ्हाइकांना दोऱ्याचा रंग जुळवून द्यायची. तो समोरच्या दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करायला येत होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही आला. आत्याने तोंडाला पदर लावून विचारलं, "आपल्या इमारतीला लिफ्ट नाही, हे त्या लिफ्टवाल्याला कुणी सांगितलं नाही का?"

तिसऱ्या दिवशी त्याने काड्यापेटी उघडून काउंटरवर ठेवली. आत बोटाएवढी एक मासोळी होती. रंग कोऱ्या चहाचा, पोटात तांबूस चमकी. शेपूट मात्र तुटलेली आणि अंग वाळून कडक झालेलं.

"ही शेवटची," तो म्हणाला. "आई-बाबा दोघं मिळून करायचे. दर रविवारी तळ्यावर जायचे. आई गेली, आणि बाबांनी गळ माळ्यावर टाकला. तेव्हापासून घराबाहेर पाऊल नाही. खिडकीत बसतात. मी बाजारातल्या मासोळ्या आणून दिल्या. चिमटीत दाबून बघतात, 'ही नव्हे' म्हणतात आणि ठेवून देतात. मला वाटतं... तशीच एक जमली, तर ते उठतील."

हे सांगताना तो चमकीच्या बरण्यांकडे बघत होता. तिचा चेष्टेचा सूर कुठच्या कुठे गेला. "काय काय लागतं, सांगा," ती म्हणाली.

लागत होतं बरंच, आणि माहीत होतं थोडं. ज्या दुकानातून आई-बाबा सामान आणायचे ते केव्हाच बंद झालं होतं, आणि घरी उरलेल्या बरण्यांवर कशाचं नाव नव्हतं. दुधासारखं पांढरं पातळ प्लास्टिक असायचं, तापवलं की पारदर्शक व्हायचं, गार झालं की मऊ घट्ट बसायचं, एवढंच त्याला आठवत होतं. ते मिळतं कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रंगाच्या दुकानात त्याला वेड्यात काढलं होतं.

बोलता बोलता तिने त्याच्या खिशातली पकड उचलली. लाल मूठ दाबली, पुन्हा दाबली. "ही मूठ अशी मऊ कशाने होते?"

"प्लास्टिकमध्ये बुडवून काढतात आणि भट्टीत—" तो मध्येच थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"काखेत कळसा..." ती म्हणाली.

"...आणि गावाला वळसा," त्याने वाक्य पुरं केलं. "दिवसभर हातात असते हो माझ्या!"

पुलापलीकडे पकडींच्या मुठी करणारा कारखाना होता. तिथल्या फोरमनने त्याला डबाभर पांढरं प्लास्टिक दिलं आणि ते पातळ करायचं तेलही दिलं. जितकं तेल जास्त, तितकी मासोळी मऊ. साचा ओतायला प्लास्टर हवं होतं. तिच्या ओळखीचे एक कवळ्या करणारे काका होते. त्यांच्याकडचं प्लास्टर इतकं बारीक, की मासोळीच्या अंगावरचा खवला न् खवला उठला. "उद्या मासा चावला नाही, तरी तुमची मासोळी नक्की चावेल," काका म्हणाले.

चमकीने मात्र रडवलं. गच्चीवर, वाऱ्याला पाठ करून त्याने पहिलं पातेलं तापवलं. दुकानातली तांबूस चमकी त्यात टाकली आणि बघता बघता तिचा रंग उतरला. सगळी मासोळी पांढुरकी, आजारी दिसायला लागली. तो ती घेऊन आला तेव्हा त्याचा चेहराही तसाच होता.

"एवढ्याने तोंड कशाला पाडता?" तिने इस्त्री तापत ठेवली. खणातल्या सगळ्या तांबूस चमक्या काढल्या, एकेक चिमूट कागदाच्या घडीत ठेवून वरून इस्त्री फिरवली. बहुतेकींनी रंग सोडला. एक मात्र तापूनही तशीच राहिली. "ही घ्या. हिला कितीही चटके द्या, ही काही बदलायची नाही."

"बाईच असणार," तो म्हणाला.

"बोलायला लागलात की तुम्ही!"

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने कागद उलटला आणि चमकी दोघांच्या अंगावर उडाली. त्याच्या भुवईत एक कण अडकला. तो दिसत असूनही तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कुरकुरत आला, "दवाखान्यातले पेशंटसुद्धा हसत होते मला." भुवईतला कण अजून तिथेच होता.

आता ती त्याच्या पावलांचा आवाज जिन्यात ओळखायला लागली होती. आणि एक गोष्ट तिला छळायला लागली होती. प्लास्टिक मिळालं, साचा झाला, चमकी जमली. सामान पुरं झालं की लिफ्टवाल्याचं बटणांच्या दुकानात काय काम? आपण ज्या फांदीवर बसलो आहोत, तीच आपण रोज हौसेने तोडतो आहोत, असं तिला वाटायचं. तरी ती रोज नवी युक्ती काढायची, कारण खिडकीत बसलेला तो म्हातारा तिला न बघताच दिसायचा.

एका संध्याकाळी तो आला आणि स्टुलावर बसला. काउंटरवर त्याने मासोळ्या मांडल्या. रंग अगदी काड्यापेटीतलीचा. चमकी तीच, डोळेही जागच्या जागी.

"किती सुंदर झाल्यात!" ती म्हणाली.

"बाबा 'नाही' म्हणाले. प्रत्येकीला नाही. मऊपणा जमत नाही. मी विचारलं, नक्की किती मऊ? तर म्हणतात, कानाच्या पाळीइतकी. दर वेळी मी माझी पाळी दाबून बघतो, तेवढीच मऊ करतो. तेवढीच, हो! आणि ते चिमटीत धरतात आणि... नाही."

तिने एक मासोळी दाबली. मग त्याच्या त्या मोठ्या, जाड कानांकडे पाहिलं.

"आई-बाबा मासोळ्या करायचे तेव्हा... कोण काय करायचं?"

"आई ढवळायची. तिचे दोन्ही हात पातेल्यात अडकलेले असायचे. बाबा शेजारी बसून गार झालेली मासोळी दाबून बघायचे."

तिला कळलं. एकदम, लख्ख कळलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की हे सांगितलं की काम संपलं. पुढची मासोळी बरोबर होणार, आणि उद्यापासून जिन्यात ती पावलं वाजणार नाहीत. तिने उगाच बटणांचा एक डबा सरकवला, पुन्हा जागेवर ठेवला.

"तुमचे बाबा," ती हळूच म्हणाली, "स्वतःचा कान कशाला धरतील? शेजारी आई असताना?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने मान खाली घातली. बोलला तेव्हा आवाज बदललेला होता.

"तिचे हात अडकलेले असायचे ना... म्हणून ते मुद्दाम... आणि ती ओरडायची, 'अहो, पोरगा बघतोय!'"

खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"पण मग आता," तो म्हणाला आणि अडखळला. "म्हणजे... आता कुणाची..." त्याने पंख्याकडे पाहिलं, खणांकडे पाहिलं. फक्त तिच्या कानाकडे पाहिलं नाही.

तिने डाव्या कानातलं काढून काउंटरवर ठेवलं. "आधी हात धुऊन या," ती म्हणाली. "ग्रीस आहे."

तो हात धुऊन आला. इतका वेळ धुतला होता की बोटं लालबुंद झाली होती. त्याने एका चिमटीत मासोळी धरली, दुसरी चिमूट भीत भीत पुढे केली. गार, ओलसर बोटं तिच्या पाळीला लागली. तिने डोळे मिटले. आपल्या कानात आपल्याच छातीची धडधड ऐकू येते, आणि तीही त्याच्या बोटांना कळत असणार, या विचाराने ती आणखीच धडधडली.

"खूपच... मऊ आहे," तो पुटपुटला.

"मासोळी?"

"नाही."

पडद्यामागे बटणांचा अख्खा डबा खाली पडला. "माझं लक्ष नाही हं!" आत्या ओरडली. तो दचकून उठला, मासोळ्या गोळा केल्या आणि पळालाच. कानातलं काउंटरवर तसंच राहिलं. बराच वेळ तिने ते घातलं नाही.

त्यानंतर तो आला नाही.

समोरची लिफ्ट सुरळीत चालू झाली होती. तिने बटणं रंगांप्रमाणे लावली, मग आकारांप्रमाणे, मग पुन्हा रंगांप्रमाणे. एका गिऱ्हाइकाला जांभळा म्हणून निळा दोरा दिला. आत्याने बराच वेळ हे पाहिलं आणि शेवटी विचारलं, "मासा सुटला का गं?"

"मी गळ टाकलाच नव्हता," ती म्हणाली.

"तेच तर चुकलं," आत्या म्हणाली, पण पाठीवरून हात फिरवला. तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. तो हवा होता. मासोळीसाठी नाही, चमकीसाठी नाही. नुसता समोरच्या स्टुलावर हवा होता.

आणि मग एका सकाळी जिन्यात पावलं वाजली. ओळखीची नव्हती. सावकाश, एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. दारात एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट, आणि कान... कान चांगले मोठे. त्यांच्यामागे एक पायरी खाली, निळ्या डगल्यात, तो. चेहरा असा, की जमीन दुभंगली तर बरं.

"माफ करा," तो घाईने म्हणाला. "मी ती नवी मासोळी करून दिली, तर बाबांनी दार लावून घेतलं. किती दिवस बोलेनात. मला वाटलं, मी त्यांना दुखावलं. तोंड दाखवायला जागा नव्हती. आणि आज सकाळी बघतो तर बूट घालून दारात उभे. म्हणाले, दुकान दाखव."

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. ते काउंटरपाशी आले. चिमटीत मासोळी होती. त्यांनी ती हलकेच दाबली, मग तिच्याकडे, तिच्या कानाकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, पण मिस्कील होते.

"माझ्या पोराचे कान माझ्यावर गेलेत, बाळ. म्हशीची कातडी. ही मासोळी त्याच्या कानाची नाही, हे मला हातात घेताच कळलं. कुणाची, ते बघायला आलो."

तिचा हात आपोआप कानाकडे गेला, आणि तेवढं उत्तर त्यांना पुरलं.

"रविवारी तळ्यावर जातोय मी," ते म्हणाले. "मी पाण्याकडे तोंड करून बसतो. मागे काय चाललंय, मला दिसत नाही." एवढं बोलून ते लेस बघण्याच्या निमित्ताने सरळ आत्याच्या पडद्याकडे वळले.

तो अजून दारातच होता. ती त्याच्याकडे बघत होती. भुवईत चमकीचा एक नवा कण होता.

"रविवारी..." तो म्हणाला. कान लालभडक. "येशील?"

"'याल'वरून एकदम 'येशील'?"

"चुकून खाली उतरलो," तो हसत म्हणाला. "परत वर जाऊ?"

तिने हात पुढे करून त्याच्या भुवईतला कण बोटावर टिपून घेतला.

"नको," ती म्हणाली. "याच मजल्यावर थांब."