नावं न ठेवलेलं मेतकूट

"माझे आकडे खोटे आहेत," पद्मजा ओक म्हणाल्या. "कोण खोटे करतंय, ते मला सोमवारच्या आत हवंय."

पूर्वा ओव्हाळने त्यांच्याकडे नीट पाहिलं. सदाशिव पेठेतल्या तिच्या कचेरीत येणारी माणसं नवऱ्यावर नाहीतर भाडेकरूवर पाळत ठेवायला सांगायची. आकड्यांवर संशय घेणारी ही पहिलीच बाई. मेतकूट आणि भाजणी विकून त्यांनी एकटीने उद्योग उभा केला होता.

"काय म्हणतात आकडे?"

"मी बरोबर आहे म्हणतात."

"मग तक्रार कसली?" सलिल बापटांनी विचारलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून ते पूर्वाचे मदतनीस झाले होते. तर्क बेताचा, चिकाटी मात्र दांडगी.

पद्मजाबाईंनी सांगितलं ते असं. लोणी काळभोरच्या कारखान्यात गावातल्या बायका कढईत डाळी भाजतात. आता भाजायचं मशीन चाचणीसाठी आणलंय. दोन्हींचं मेतकूट बाईंनी चाखलं आणि 'सारखंच आहे' असा निकाल दिला. मग दोन्ही प्रकार गिऱ्हाइकांना पाठवून फोनवर मतं घेतली. गिऱ्हाइकंही तेच म्हणाली, तक्रार एकाचीही नाही.

"जिभेने मी ठरवायचं आणि चुकले तर आकड्यांनी मला अडवायचं, हा आमचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. अधूनमधून ते मला तोंडघशी पाडायचे. आता वर्ष होत आलं, एकदाही नाही." त्यांचा आवाज खाली आला. "सोमवारी मी मशीनला हो म्हटलं, तर भाजणाऱ्या सगळ्या बायका घरी जातील."

त्या गेल्यावर बापट म्हणाले, "विचित्रच आहेत. माझं कुणी वर्षभर खरं मानलं असतं, तर मी पेढे वाटले असते."

"मीही तेच म्हणतेय," पूर्वा म्हणाली. "त्या पेढे का वाटत नाहीयेत?"

कारखान्यात पहिला भेटला आमोद. आकड्यांचं काम बघणारा, मशीनची कल्पनाही त्याचीच.

"सगळे मलाच सस्पेक्ट करणार, माहितीये मला. पण तो रिझल्ट मलाच विअर्ड वाटला. परत सर्व्हे करू म्हटलं, तर सर नको म्हणाले."

"सर कोण?"

"अनंत सर. मॅमचे मिस्टर. स्टॅटिस्टिक्सचे प्रोफेसर होते. फोन करणाऱ्या मुली मतं आणि मार्क भरतात, सर त्यातल्या चुका साफ करतात आणि मग ते माझ्याकडे येतं."

सुंदराबाई भाजणाऱ्या बायकांची मुकादम. तिने आधी पदर खोचला आणि मग तोंड उघडलं.

"मशीनचं वाईट हाय म्हनलं, तर लोक म्हनतील, हिच्या पोटावर पाय येतोय म्हून बोलतीय. मी आपली गप ऱ्हायले."

"बाई मेतकूट चाखतात कशा?"

"मऊ भातावर, वर तूप. आधी एकट्याच बसायच्या, कुनी शबूद काढायचा न्हाई. आता वर्सभर साहेब संगं बसत्यात. घास घेतला की साहेबच आधी बोलत्यात, मेथी जरा जास्त झाली का गं? मग बाई म्हनत्यात, हो, जास्तच."

"मशीनचं चाखलं तेव्हाही?"

"न्हाई. तवा साहेबांच्या डोळ्याचं आपरेशन व्हतं. बाई एकट्याच व्हत्या."

अनंतराव ओक ऑफिसात पत्नीशेजारीच बसले होते. सौम्य गृहस्थ, डोळ्यांवर अजून काळा चष्मा. "आकड्यांना स्वार्थ नसतो," ते म्हणाले. "ते खोटं कशाला बोलतील?"

पद्मजाबाई नव्या पाकिटांबद्दल सांगू लागल्या. भिंतीपलीकडे मशीन घरघरत होतं. बापटांनी एकाएकी रुमाल नाकाला लावला. पूर्वालाही ठसका आला. पद्मजाबाईंचं मात्र पाकिटांचे रंग सांगणं चालूच होतं. मग अनंतरावांनी त्यांच्या कोपराला हळूच हात लावला.

"पद्मजा, मेथी करपली वाटतं."

"हो हो, आलाच मला वास," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

परतताना पूर्वाने बापटांच्या हातात गिऱ्हाइकांचे फोन नंबर ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापट घायाळ होऊन आले.

"अहो, काय बोलतात माणसं! 'मशीनचं मेतकूट फुकट दिलंत, तेही महागच पडलं,' हे एक. दुसऱ्यांनी विचारलं, यात मेथी आहे की कोळसा. कढईच्या मेतकुटाचं कौतुक केलं, त्यांनीसुद्धा जाता जाता मिठाला नावं ठेवलीच. मला वाटतं, आमोदनेच घोळ केलाय. मशीन त्याचं."

"ज्याने घोळ केला, तो पुन्हा विचारा म्हणून मागे लागेल का?" पूर्वा म्हणाली. ती खूश दिसत नव्हती. कोडं सुटलं की तिला सहसा भूक लागायची. त्या दिवशी तिने डबाही उघडला नाही.

सोमवारी सकाळी तिने आमोदला आणि सुंदराबाईला बाहेर थांबायला सांगितलं आणि ऑफिसचं दार लावून घेतलं. आत ओक पतिपत्नी, ती आणि बापट.

"आकडे खोटे आहेत, हे ऐकूनच कळलं होतं," पूर्वाने सुरुवात केली. "पुण्यातल्या माणसांना मत विचारलं आणि कुणीच नावं ठेवली नाहीत? असं होत नाही. कुणीतरी तक्रारी वेचून काढल्या होत्या. मतं मुलींकडून निघून आमोदकडे पोचेपर्यंत एकाच माणसाच्या हातात असायची. अनंतराव, तुम्हाला खोटेपणाची सवय नाही. नाहीतर चार कुरकुरी तुम्ही शिल्लक ठेवल्या असत्या."

अनंतरावांनी मान खाली घातली.

"पण का?" बापट म्हणाले. "यांना मशीनशी काय देणंघेणं?"

"काहीच नाही. बाई 'सारखंच' म्हणाल्या होत्या, तो शब्द खरा ठरवायचा होता. वर्षभर ते शेजारी बसून त्यांना चव सांगत होते. ऑपरेशनच्या दिवशी सांगायला कुणी नव्हतं आणि बाई चुकल्या. परवा मेथी करपली तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना वास आला." पूर्वा थांबली. पुढचं वाक्य तिला नकोसं झालं होतं. "बाई, तुम्हाला आला नाही. वासच येत नसेल, तर मेतकूट कळणार कसं?"

पद्मजाबाईंनी टेबलावरचं नवं पाकीट उचलून उलटं ठेवलं.

"आणि हे तुम्हाला माहीत होतं," पूर्वा हलकेच म्हणाली. "म्हणून तर तुम्ही आलात. आपण अंदाजाने ठोकून देतोय आणि तरीही आकडे माना डोलावतायत, याचीच तुम्हाला भीती वाटली."

"दोन्ही घास मला सारखेच लागले," पद्मजाबाई म्हणाल्या. "मातीसारखे. वाटलं, आकडे मला अडवतील. मला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागणार नाही." त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून. अनारशाचं तूप खवट होतं. तू छान म्हणालीस."

"आणि मी तुमच्यापासून लपवत होते."

"तुझं सगळं आयुष्य त्या जिभेवर उभं राहिलं गं. माझ्या आकड्यांनी तिला खोटं पाडायचं? माझ्याने होईना." त्यांनी काळा चष्मा काढून डोळे पुसले. "बाहेरच्या बायका माझ्या मनातच आल्या नाहीत. मला फक्त तू दिसत होतीस."

पद्मजाबाई त्यांच्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बापटांना बरं वाटलं असतं. पद्मजाबाईंनी फक्त नवऱ्याचा हात हातात घेतला आणि जरा वेळाने सोडला. मग उठून दार उघडलं.

"सुंदरा, मशीन परत जातंय. कढया चढवा. आमोद, फोन आण. आजपासून गिऱ्हाइकांचं मी स्वतः ऐकणार, कुणी साफ न केलेलं."

पहिला फोन नारायण पेठेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला. आवाज खणखणीत होता.

"मेतकूट ना? पूर्वी डबा उघडला की शेजारीण विचारायला यायची. आता काही राम राहिला नाही. ते करणाऱ्या पद्मजाबाई गेल्या की काय हो?"

आमोद फोन बंद करायला पुढे झाला. पद्मजाबाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"आहेत," त्या म्हणाल्या. "पण आता मेतकूट त्या चाखणार नाहीत. बोला तुम्ही, काय कमी पडलं?"