मेथीची अर्धी जुडी

वाघोलीच्या रविवारच्या बाजारात संध्याकाळी सातनंतरच जायचं, हा माझा नियम. बाजार उठायच्या घाईत भाव निम्म्यावर येतात ना! त्या दिवशी प्रेमलामावशींच्या पाटीत मेथीची शेवटची जुडी होती. मी हात घातला आणि... समोरूनही एक हात आला.

“मी आधी,” मी म्हटलं.

“एकट्या माणसाला अख्खी जुडी संपते?”

“मी एकटी, हे कशावरून?”

“कांदे पाव किलो घेतलेत.”

“बरंच लक्ष आहे!”

“भावाकडे असतं,” तो हसला. “तुम्ही मध्ये आलात.”

दहा रुपये त्याचे, दहा माझे. काड्या मोजून त्यानं जुडी अर्धी केली. नाव प्रज्ञेश.

मग दर रविवारी तेच. अर्धा कोबी, अर्धा भोपळा, अर्धा नारळ. नारळाचं पाणी एका रविवारी माझं, एका रविवारी त्याचं. त्याच्या पाळीला मात्र त्याला हमखास सर्दी व्हायची... शिंक एकही नाही!

चार महिन्यांनी एका रविवारी मी कोथिंबीर उगाच निवडत म्हणाले, “पुढच्या रविवारी मी नाही. आईनं पाहुणे बोलावलेत... मला बघायला.”

काहीतरी बोला ना, असं मनात म्हणत मी थांबले.

त्यानं मेथीची अख्खी जुडी माझ्या पिशवीत ठेवली. “पाहुण्यांना पराठे करा.”

“आणि तुमची अर्धी?”

“असू द्या.”

बस्स? एवढंच? डोळे भरून यायच्या आत मी वळले, तोच गोणपाट घडी करणाऱ्या मावशी कडाडल्या, “अगं येडे, दोन महिनं झालं, त्यो कात्रजला ऱ्हायला गेलाय! दोन बस बदलून येतोय हितं. तिकडं काय मेथी मिळत न्हाय व्हय?”

“मावशी, अहो—” त्याचे कान लाल झाले होते.

मी पिशवी खाली ठेवली. “कात्रजहून? दहा रुपये वाचवायला? बसभाडं किती होतं, कळतं का?”

“हिशेब येतो मला,” तो हळूच म्हणाला. “फक्त... तुमच्या बाबतीत करत नाही.”

बाजारातला सगळा गलका क्षणभर लांब गेला.

“पाहुण्यांना नको म्हणाल?” त्यानं विचारलं.

“आईला काय कारण सांगू?”

“सांगा, मुलगा काटकसरी आहे.”

“दोन बस बदलून मेथी आणणारा?”

तो खळखळून हसला, आणि सवयीनं जुडी अर्धी करायला पिशवीत हात घातला. मी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे... मोडू नकोस.”

पहिल्यांदाच माझं ‘अहो-जाहो’ सुटलं होतं. त्याला ते कळलं. मनगट सोडवायची त्यालाही घाई नव्हती.

“आता अख्ख्या जुडीचं पैसं कोन देनार?” मावशींनी विचारलं.

पुन्हा दोन हात एकदमच पुढे आले.