पाठमोरा शॉट

"लांबलाय गं तो शॉट! काप ना!" फोनवर दिग्दर्शिकाताई कडाडल्या. "सगळे तुला कात्री म्हणतात, आणि तू एका पाठीपाशी अडतेस? संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे."

मी फोन आपटला, नखं कुरतडली आणि पुन्हा तोच शॉट लावला. एक माणूस दारातून निघून जातोय. आतली बाई जिथं बसलीय, तिथूनच कॅमेरा त्याच्याकडे बघतोय. तो वळत नाही, ती बोलत नाही. नुसती पंख्याची घरघर. आणि ती पाठ... उजवा खांदा किंचित खाली. महिनाभर मी तीच बघत होते. त्या नटाला एकदा समोरासमोर भेटले, तेव्हा मला काहीही झालं नव्हतं. त्यामुळे तर स्वतःचीच जास्त चीड येत होती.

दार वाजलं.

"कुरिअर असेल तर खाली द्या!" मी खेकसले.

"कुरिअर नाही, कॅमेरामन आहे," दारातला माणूस म्हणाला. "हार्ड डिस्कच्या पिशवीतून माझा चार्जर इकडे आलाय. नव्या कामाला निघालोय आज... वर्षभर बाहेरच."

"कपाटात बघा."

तो कपाटाकडे वळला. मी सहज मान वर केली. उजवा खांदा किंचित खाली!

"ती पाठ... तुमची आहे?" माझा चहा सांडता सांडता राहिला.

त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि चक्क लाजला. "हो. नटसाहेबांना ताप होता त्या दिवशी. कॅमेरा स्टँडवर लावला नि मीच उभा राहिलो. कॅमेरा वाहून वाहून खांदा असा झालाय." मग तो जवळ येऊन वाकला. "पण एवढा लांब का ठेवलात? दार बंद झाल्यावरही कापत नाही तुम्ही..."

बापरे. पकडले गेले.

"त्याला अर्थ आहे," मी तोऱ्यात म्हणाले. "रडतानाचा क्लोज-अप टाकला, की लोक तिच्याकडे बघणार. मला लोकांनी तिच्या डोळ्यांनी बघायला हवंय. तो गेला तरी तिची नजर दारावरून हलत नाही. तिला थांब म्हणता येत नाही, म्हणून ती बघत राहते."

"संगीतही नाही?"

"संगीत घातलं, की ती सुटली. बसू दे पंख्याखाली."

"हट्टी आहे," तो म्हणाला. "आणि भित्री."

"भित्री काय म्हणून?"

"एवढं बघते आणि एक शब्द बोलत नाही..." त्याचा आवाज खाली आला. "मी माझ्या डावीकडे फ्रेम मोकळी ठेवली होती. वाटलं, कुणीतरी उठून येईल तिथं."

मला एकदम उकडायला लागलं. मी उगाच कीबोर्ड पुसला. त्यानं चार्जर खिशात टाकला, "येतो," म्हणाला आणि कडीला हात घातला.

तोच शॉट! तीच पाठ, तसंच दार, वर पंखा. आणि खुर्चीला चिकटलेली बाई — मी.

"जाऊ नका असं नाही म्हणत," माझ्या तोंडून निघालं. "पण... वळा तरी एकदा!"

तो हसला. पाठमोराच, पण मला खांद्यांवरून कळलं. "स्क्रिप्टमध्ये तो वळत नाही."

"स्क्रिप्ट गेली चुलीत! संकलन माझं आहे."

मी उठले आणि त्याच्या डावीकडे, मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले. "मला तुम्ही आवडता. महिनाभरापासून. चेहरा आजच बघितला, पण... तोही चालेल."

"नुसता चालेल?" तो वळला. इतक्या जवळून, की मलाच दोन पावलं मागं जावंसं वाटलं. गेले नाही.

त्यानं खिशातून चार्जर काढला आणि माझ्या हातात ठेवला. "राहू दे इथेच."

"अहो, बॅटरी संपेल!"

"नवा घेईन. हा न्यायला येईन."

तो गेला. जिन्यावरून मात्र सारखा वळून बघत होता, वेडा. मग दार हळूहळू आपोआप लागलं. फोन वाजला.

"कापलास का गं?"

मी बंद दाराकडेच बघत होते. "नाही ताई. अजून संपलेला नाही तो."