निर्जंतुकीकरणाची वही

"वही सापडत नाहीये," वहिनी दारातच म्हणाल्या.

तपासनीस बाईंनी अजून खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. आठवड्यातला हा सातवा दवाखाना. पाय भरून आले होते, आणि आता हे.

डोळ्यांच्या या खासगी दवाखान्यात महिन्याभरात ऑपरेशननंतर तीन पेशंटचे डोळे चिघळले होते. एकाचा तर कायमचा गेला. अवजारांचा प्रत्येक डबा वाफेच्या मशीनमधून निघाला की त्यातली कागदी पट्टी वहीत चिकटवायची. पट्टी काळी पडली तर अवजारं निर्जंतुक. करडी राहिली तर नाही. म्हणजे जे काही कळणार, ते त्या वहीतूनच.

"शेवटची कोणी पाहिली?"

"मीच. सकाळी नऊला, मशीनच्या खोलीत." वहिनी म्हणजे डॉक्टरांची भावजय; रिसेप्शन त्याच सांभाळत.

"किल्ली कोणाकडे असते?"

"डॉक्टरांकडे आणि सिस्टरकडे."

डॉक्टर कपाळ चोळत आले. "मशीन कुरकुरतंय हे मला ठाऊक होतं. दुरुस्ती मीच लांबवली. पण वही मी कशाला लपवू?"

"दुरुस्ती लांबवली म्हणूनच. नऊनंतर कुठे होतात?"

"पेशंट तपासत होतो. दोनदा उठलो मध्ये." ते ओशाळले.

मग सिस्टर आल्या. पांढरेशुभ्र कपडे, ताठ मान. बाईंनी ओळखपत्र पुढे केलं. सिस्टरनी ते नीट न्याहाळलं, मान डोलावली, परत दिलं.

"पट्ट्या कोण बघतं?"

"मीच. तीस वर्षं."

"कधी करडी निघाली?"

"एकदाही नाही."

ओळखपत्र पिशवीत टाकताना बाई थबकल्या. घाईघाईत त्यांनी बसचा पास दिला होता. त्यांनी तो तसाच पिशवीत सरकवला.

मशीनच्या खोलीत फळीवर स्टीलचे सहा डबे होते. पहिल्यावर मुठीएवढ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: आज वापरायचा. बाईंनी तोच उघडला. कापडाच्या घड्यांखाली वही होती.

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या. "कालच मी फळी पुसली, डबे हलवले, लेबलं लावली. या जागेवर तर मोडका डबा असायचा. तो कोणी उघडतच नाही."

बाईंनी वही चाळली. गेल्या दोन महिन्यांतल्या निम्म्याअधिक पट्ट्या करड्या होत्या. प्रत्येकीपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: काळी.

त्यांनी स्टूल ओढलं आणि जड अंगानं बसल्या.

"डॉक्टर, वही तुम्ही लपवली असती तर या डब्यात टाकली नसती. तासाभरात उघडला जाणार, हे लेबल ओरडून सांगतंय. जिनं टाकली तिला लेबल दिसलंच नाही. ती जागेच्या अंदाजानं गेली, आणि जागा कालच बदलली होती. मी बसचा पास दिला तर तिनं ओळखपत्र म्हणून परत केला. तिनं खोटं लिहिलं नाही. तिला करडं आणि काळं वेगळं दिसतच नव्हतं."

सगळे सिस्टरकडे वळले.

"कधी कळलं तुम्हाला?" बाईंनी हळू विचारलं.

"तिसरा पेशंट परत आला तेव्हा." सिस्टर म्हणाल्या. "पट्टी खिडकीतल्या उन्हात धरली, अगदी नाकाशी. करडी होती. त्याआधी माझे डोळे गेलेत हे कबूल करायचं धाडस नव्हतं. घरी बसवलं असतंत तुम्ही."

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा डोळ्यांवर धरला. बराच वेळ ते वाकूनच राहिले.

"दोन्हीकडे मोतीबिंदू. पिकलाय," ते पुटपुटले. "रोज माझ्यासमोर उभ्या होतात, सिस्टर. मी बघितलंच नाही."

बाईंनी ऑपरेशनच्या खोलीला सील लावलं. अहवालात दोघांचीही नावं लिहिली.

"मी करतो तुमचं ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले. "एक पैसा न घेता. मशीन नीट झालं की लगेच."

सिस्टरनी चाचपडत डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"इथं नको, डॉक्टर," त्या म्हणाल्या.