करंगळी आणि तिची शेजारीण

कोपरीच्या मिठागरावर माझ्या डोक्यावरची पाटी कलंडली आणि बांधावरून चाललेल्या एका माणसाच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर सगळं मीठ सांडलं.

"आंधळी आहेस का गं?"

"मी नाय. बोटं आंधळी झालीत. करंगळी नि तिची शेजारीण."

तो हसला… गुरुदत्त. डोंबिवलीचा, डॉक्टरकी शिकणारा. मी तुळसा, आगऱ्याची पोर. उजवा हात दिवसभर वर करून पाटी सावरणारी.

"हासळीचं हाड आणि पहिली फासळी, यांच्या फटीतून हाताची शीर येते," तो म्हणाला. "हात सतत वर, म्हणून ती चेपते, बोटं बधिर होतात."

"मंग सोडवा की!"

"पाटी सोड."

"नि खाऊ काय, तुमची पुस्तकं?"

तरी दर रविवारी यायचा. मला डोळे मिटायला लावून बाभळीचा काटा बोटांना टोचायचा. "कळलं?"

"हात धरायला काटा कशाला लागतो, डॉक्टर?"

कानापर्यंत लाल व्हायचा.

एक दिवस म्हणाला, "आईशी बोलणार आहे." आधीच आगऱ्याची, त्यात हात अधू… अशी सून कोण घेईल? त्या रविवारी मी पापण्यांच्या फटीतून काटा बघितला. "कळलं!" म्हणाले. त्याला वाटलं, बरा झाला हात! काय खूश झाला तो…

पुढच्या आठवड्यात जत्रा. एका बाजूला भाऊ नाथा, दुसऱ्या बाजूला, गर्दीत, तो. आता बोलेल, मग बोलेल… मी पालखीकडे बघत राहिले. वळले, तर तो नव्हता. पुन्हा बांधावर आलाच नाही. आईला भ्यालं लेकरू, म्हणून मी त्याला शिव्या घातल्या. चार वर्षं.

मग हाताचं मांसच झडायला लागलं. कुणीतरी कल्याणच्या दवाखान्यात धाडलं. खुर्चीत तोच.

"डोळे मिट." सुई टोचली असावी. "कळलं?"

"नाय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तेव्हा मी बघून सांगितलेलं."

त्याने सुई खाली ठेवली. मग म्हणाला, "जत्रेत मी हीच दोन बोटं दाबली होती, तुळसा. म्हटलं, होकार असेल तर तूही दाबशील… तू मानसुद्धा वळवली नाहीस."

"तोंड नव्हतं का रं तुला?"

"नाथा होता ना शेजारी…"

लोक याला नशीब म्हणतात. थू! माझी लबाडी नि त्याची भीती, नशीब कसलं?

आतून बायकोची हाक आली, "अहो, चहा निवतोय…"

त्याने ती दोन बोटं पुन्हा दाबली. या खेपेला डोळे उघडे होते माझे. दिसलं.

नुसतं दिसलं.